नाव टाका

नाव मिळेपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही, असं काकूंनी सोमवारी सकाळी देवापुढे उभं राहून ठरवलं. तसा निर्णय लहानसाच. घरात खुर्च्या दोनच. त्यातली एक अहोंची आणि दुसरीचा एक पाय आखूड. तेव्हा काकूंचं फारसं काही अडणार नव्हतं. पण काकूंचा नेम म्हणजे लोकरीचा गुंडा. एकदा टोक सुटलं की तो कुठल्या पलंगाखाली जाऊन थांबेल, ते कुणी सांगू शकत नसे.

काकूंच्या नेमांचा इतिहास मोठा होता. अहोंना बढती मिळावी म्हणून त्यांनी एके काळी साखर सोडली होती. बढती आली नाही. अहो ऑफिसातल्या टपालाच्या टेबलाला चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. पण साखर सुटल्यामुळे काकूंची प्रकृती ठणठणीत राहिली. म्हणजे देवाने अर्ज मंजूर केलाच होता, फक्त तो दुसऱ्या खिडकीवरून परत आला, असं काकू मनापासून मानत. (अहो हे त्यांचे यजमान. छत्तीस वर्षं काकू त्यांना 'अहो' म्हणत आल्या, त्यामुळे बाकीच्यांनाही त्यांचं खरं नाव आठवेनासं झालं होतं. पोस्टमनसुद्धा दारातून 'अहो आहेत का?' असंच विचारी.)

आता हे नावाचं प्रकरण काय ते सांगायला हवं.

काकू रफू करत. कोटाला खिळ्याने भोक पडलं, शालीला उंदराने दात लावले, नव्या पँटला इस्त्रीने डाग दिला, की लोक काकूंच्या पुढच्या खोलीत येत. काकू कापडाचाच एखादा धागा ओढून घेत आणि आडवा-उभा असा विणत की दोन दिवसांनी गिऱ्हाईकच विचारी, फाटलं होतं ते नक्की कुठे? काकूंना ते ऐकून बरं वाटे, आणि थोडं वाईटही. कारण रफूचं काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कुणी केलं हे कोण विचारतो? तीस वर्षांत शेकडो गळपट्ट्यांत काकूंचे हात होते आणि एकातही नाव नव्हतं.

अशात चौकातल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या मॅनेजरबाई स्वतःचा कोट घेऊन आल्या. रफू झालेला कोट त्यांनी भिंगातून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि तिथेच एक गोष्ट सुचवली. त्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत एक लेबल लावायचं. त्यावर लिहायचं, 'फाटलं तर' आणि त्याखाली काकूंच्या वेबसाइटचा पत्ता. फाटलं की गिऱ्हाईक थेट काकूंकडे कपडा पाठवेल. मात्र लेबल अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर मागावर विणून आठ अक्षरं बसतात, मधलं टिंब धरून. नाव गुरुवारी दुपारी बाराच्या आत हवं, कारण लेबलं विणणाऱ्याचा माग त्यानंतर दुसऱ्या कामाला लागणार. नाही जमलं, तर बाईंना नाइलाजाने गल्लीच्या टोकाच्या मशीनवाल्याचं नाव घालावं लागणार होतं. त्याचं नाव आखूड होतं. काम असं होतं की भोक जाई आणि त्या जागी टेंगूळ येई.

म्हणून काकूंनी खुर्ची सोडली.

अहोंची एक पुतणी कंपन्यांना वेबसाइट बनवून देण्याचं काम करत असे. ती संध्याकाळी आली, आपला जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला आणि काका-काकूंना समोर बसवलं. (काकांना खुर्चीवर, काकूंना जमिनीवर.) डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या घरावरची पाटी, असं तिने समजावलं. एका नावाची पाटी जगात एकालाच मिळते. पाटीच्या शेवटी टिंब आणि तीन अक्षरं ठरलेलीच, म्हणजे आठातून उरली चार. चार इंग्रजी अक्षरांत नाव बसवायचं.

काकूंच्या मनात 'देवकृपा रफू केंद्र' होतं. पुतणीने बोटांवर मोजलं. अठरा अक्षरं झाली. काकू म्हणाल्या, मग 'केंद्र' काढून टाक. बारा राहिली. 'देव' काढू या का, असं अहोंनी विचारलं, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते चष्मा पुसायला लागले.

मग नुसतं 'रफू' टाकून पाहिलं. पडद्यावर लाल फुली आली. कुणीतरी घेतलेलं. 'सुई' तर तीनच अक्षरांची. तीन अक्षरांची नावं केव्हाच संपली, म्हणाली पुतणी. 'दोरा' गेलेला. 'वीण' गेलेली. 'धागा' पाच अक्षरांचा, आणि तोही गेलेला. काकूंनी कापड, कात्री, गुंडी, शिवण असं करत शिवणाचा अख्खा डबा रिकामा केला. अहो प्रत्येक नाव वहीत लिहून पुढे तारीख, वेळ आणि 'नामंजूर' असा शेरा मारत होते. मंगळवार संपेपर्यंत शेऱ्यांची चार पानं भरली.

काकूंना खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ही नावं घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तिथे काहीच मांडलं नव्हतं. पुढे चढ्या भावाने विकायला नुसती घेऊन ठेवलेली. म्हणजे घर बांधायचं, कुलूप लावायचं आणि ज्याला राहायचंय त्याला पायरीवर ताटकळत ठेवायचं. काकूंना वाटलं, माणसं मुळात वाईट नसतात, त्यांना कुणी नीट विचारलेलं नसतं. त्यांनी 'रफू' घेऊन बसलेल्याला पत्र पाठवायला सांगितलं. आपलं नाव रिकामंच पडलेलं दिसतं, आम्हाला दिलंत तर आम्ही ते स्वच्छ ठेवू, आणि आपल्या घरच्यांना आमचा नमस्कार.

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचे आहात.'

काकूंचे डोळे भरून आले. सासरच्या एकाही माणसाने छत्तीस वर्षांत त्यांना असं म्हटलं नव्हतं. हे यंत्राने आपोआप पाठवलंय, असं पुतणी म्हणाली. काकू म्हणाल्या, यंत्राने का असेना, यंत्राला तसं शिकवलं तर कुणीतरी ना.

बुधवारी दुपारी खऱ्या माणसाचं उत्तर आलं. त्यात फक्त एक आकडा होता. अहोंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा त्यांचा फोन नंबर दिसतोय. लावू का?"

तो नंबर नसून किंमत आहे, हे कळल्यावर काकूंच्या तोंडून एक शब्द गेला. 'मेले.' शब्द लहानच, पण काकूंच्या तोंडी तो कधी कुणी ऐकला नव्हता, त्यांनीही नव्हता. त्यांनी जमिनीवर बसूनच जाहीर केलं, की उद्या दुपारी बारापर्यंत मौन. जिभेने चूक केली, जिभेनेच फेडायची. लिहूनही काही सांगायचं नाही. ते म्हणजे मागच्या दाराने बोलणं.

पुतणीने कपाळाला हात लावला. उद्या सकाळीच तर नाव घ्यायचं होतं, आणि तिला तर ऑफिसातून फोनवर सगळं सांगावं लागणार होतं. पण नेमापुढे कुणाचं काय चालतं? शेवटी तिने एक तोडगा काढला. अर्थ-बिर्थ सोडा, आता जी अक्षरं रिकामी आहेत ती घ्यायची. के, के, आर, एफ. एक के काकूंचा, एक काकांचा, पुढची दोन रफूची. अहोंनी ते एका दमात म्हणून पाहिलं, तर काकू आतून धावत पाणी घेऊन आल्या.

असलं नाव गळ्यात अडकायचं, कॉलरमध्ये नव्हे, असं काकूंना वाटलं. पण मशीनवाल्याच्या टेंगळापेक्षा बरं, म्हणून त्यांनी मान हलवली. देवाला मनातल्या मनात म्हणाल्या, तुझी मर्जी. (काकू 'तुझी मर्जी' म्हणाल्या, की त्याचा अर्थ 'अजून थोडा विचार कर' असा असे.)

गुरुवारी अकराला अहो कॉम्प्युटरसमोर बसले, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून. टायपिंग त्यांना एका बोटाने येई, आणि ते बोटही प्रत्येक अक्षर शोधायला घारीसारख्या घिरट्या घाली. काकू शेजारी उभ्या, तोंड घट्ट मिटून, सुई नेहमीसारखी दोऱ्यासकट खांद्यापाशी टोचलेली. साडेअकराला फोन वाजला. अहोंनी तो मोठ्या आवाजावर टाकला. पुतणी घाईत होती.

"काका, पान उघडलंय ना? वर एक लांबट चौकोन दिसेल. त्यात नाव टाका."

"नाव?"

"हो. टाका."

"टाका?"

"टाका, टाका. वेळ नाहीये माझ्याकडे."

आता अहोंच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. ज्या माणसाने चाळीस वर्षं वरून येईल ते जसंच्या तसं लिहून घेतलं, तो आयत्या वेळी प्रश्न विचारत नाही. काल के के आर एफ होतं, आज 'टाका' आहे. रात्रीतून आदेश बदलला असेल. ऑफिसात तर दुपारच्या जेवणातसुद्धा बदलत. अहोंनी शांतपणे टी शोधला, ए शोधला, के शोधायला थोडा वेळ घेतला, आणि पुन्हा ए.

"टाकलं."

"हिरवं आलं का?"

अहोंनी चष्मा वर केला, खाली केला. "हिरवंगार."

"मग दहा मिनिटं ते तुमच्यासाठी राखून ठेवतील. पैसे मी कालच भरलेत, ते आज सकाळी जमा झालेत. मला साहेब बोलावतायत, आलेच. तोवर कशाला हात लावू नका."

फोन होल्डवर गेला आणि त्यात बासरी वाजू लागली.

काकूंनी वाकून पडदा पाहिला. हे ठरलेलं नाव नव्हतं. त्यांनी दोन्ही हात उचलून जोरजोरात हलवले. अहोंना वाटलं माशी आहे. मग त्यांनी काकूंची नजर पाहिली, पडदा पाहिला, आणि त्यांचाही चेहरा पडला.

तेवढ्यात काकूंनी तीच चार अक्षरं पुन्हा वाचली. या वेळी ओठ नुसतेच हलवून. टा. का.

टाका.

सुईपासून कात्रीपर्यंत सगळा डबा त्यांनी उपसला होता. पण आयुष्यभरात जे हजारोंनी घातले, ज्याच्यावर घर चाललं, जो कुणाला दिसू नये म्हणून डोळे शिणवले, तो टाका काही त्यांना आठवला नव्हता. बोटाखालीच होता, म्हणून दिसला नव्हता. चार अक्षरं. आणि हिरवीगार.

पण तोवर अहोंचं बोट निघालं होतं.

"काढू ना हे?" अहो म्हणाले. काकूंनी जोराने नाही म्हटलं, मानेने. "मग टाकू?" काकूंनी हो म्हटलं. "म्हणजे के के आर एफ टाकू." नाही. "मग हे टाकून देऊ?" काकूंनी कपाळावर हात मारला. "टाकूही नको आणि टाकून द्यायचंही नाही. अगं, असे शेरे आमचे साहेब मारायचे, त्यांची फाइल अजून तशीच पडून आहे."

काकूंनी पडद्याकडे बोट केलं, स्वतःच्या हृदयाकडे केलं, आकाशाकडे केलं. अहोंनी त्याचा अर्थ लावला, की कॉम्प्युटर पाहून हिच्या छातीत दुखतंय आणि आता वरून बोलावणं आलंय. ते घाबरले, आणि घाबरलेला कारकून करतो तेच त्यांनी केलं. ठरलेल्या मसुद्याकडे परत गेले. "जाऊ दे, के के आर एफच बरं. तू शांत बस," असं म्हणून ते खोडायची कळ शोधू लागले.

एक शब्द बोललं की संपलं होतं. एकच. काकूंच्या तोंडापर्यंत तो आला होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते. अठरा मिनिटांसाठी नेम मोडायचा, आणि तोही देवाने आत्ताच ओंजळीत घातलेलं नाव वाचवायला? त्याला काय वाटेल? बरं, न बोलावं तर समोर घार घिरट्या घालतेय.

काकूंनी खांद्यावरची सुई उपसली. अहोंच्या उजव्या हाताचा कफ टेबलावरच्या कापडावर टेकलेला होता. अहोंची नजर कळांवर. सुई खाली गेली, वर आली, दोरा ओढला गेला, गाठ आत लपली, आणि काकू सरळ उभ्या राहिल्या. मोजायचं म्हटलं तर दोन श्वास.

अहोंना कळ सापडली, पार वरच्या कोपऱ्यात. त्यांनी हात उचलला. हात गेला नाही.

त्यांनी पुन्हा उचलून पाहिला. मग त्यांचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला.

"अगं, माझा हात गेला," ते अगदी हळू म्हणाले. "उजवाच गेला. बोटं हलतायत, पण हात येत नाहीये. बँकेची पासबुकं कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात. आणि मुलीला इतक्यात कळवू नकोस, ती उगाच धावत येईल."

काकूंना इतकी माया दाटून आली की त्यांनी आधी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. (त्यामुळे अहोंची उरलीसुरली आशाही मावळली.) मग त्यांनी सुई त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, हवेत खाली-वर केली, कफकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट पडद्यावर नेलं.

"सुई," अहो म्हणाले. "सुई दोरा. शिवलंस? मला टेबलाला शिवलंस? का?" त्यांची नजर बोटामागून पडद्यावर गेली. त्यांनी ती चार अक्षरं वाचली, कफ पाहिला, पुन्हा अक्षरं वाचली. ऑफिसातल्या चाळीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड कधी पडला नसेल.

"टाका," अहो म्हणाले. "अगं, हा तर तुझा टाका."

काकूंनी पुढे होऊन स्वतः नाव घ्यायची कळ दाबली. ज्या बोटाला जन्मभर सुया टोचल्या, त्याच बोटाने. पडद्यावर अक्षरं उमटली: 'अभिनंदन. हे नाव आता तुमचं आहे.' काकूंनी ते तीनदा वाचलं. मग आखूड पायाची खुर्ची ओढली, देवाच्या दिशेने हात जोडले आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

बासरी थांबली. "आले काका," पुतणीचा आवाज आला. "टाकलेलं तेच घेऊ या आता. काय टाकलं होतं?"

"टाका."

"नाही, तुम्ही काय टाकलंत?"

"टाका टाकलं."

"काका, मी काय टाकू? कॉम्प्युटर तुमच्यासमोर आहे. तुम्ही त्यात काय टाकलंय?"

"तू सांगितलंस तेच. नाव, टाका."

पलीकडे 'नाव, टाका' असं पुटपुटणं ऐकू आलं. मग पुतणी इतकी हसली की तिचे साहेब पुन्हा बाहेर आले. दोन वर्षं ती लोकांना चार अक्षरांची नावं शोधून देत होती, आणि असं नाव तिला एकदाही सापडलं नव्हतं.

बाराला दहा कमी असताना मॅनेजरबाई आल्या, दोन्ही हातांत रफूला आणलेल्या फाटक्या कोटांची बोचकी. दारातूनच त्यांनी विचारलं, नाव ठरलं का, मागवाला खोळंबलाय. अहो बसल्या जागेवरून म्हणाले, "टाका." बाईंनी बोचकी खाली टाकली. उलगडा झाला तेव्हा त्या बोटांवर अक्षरं मोजू लागल्या. आठ. टिंबासकट आठ. त्यांनी तिथूनच मागवाल्याला फोन केला.

अहोंना उभं राहून बाईंचं स्वागत करायचं होतं, पण अर्ध्यावर उठल्यावर टेबलावरचं कापडही त्यांच्याबरोबर उठू लागलं. काय झालंय ते त्यांनी सांगितलं. बाईंनी पर्समधून भिंग काढलं आणि कफ तपासला. वरून, खालून, खिडकीच्या उजेडात. पाच मिनिटांनी भिंग मिटून त्या म्हणाल्या, टाका कुठे आहे ते मला सापडत नाहीये, तेव्हा शर्टांबरोबर आमच्या कोटांनाही हेच लेबल. घड्याळात बारा झाले. तीन दिवसांचा शोध, कालपासूनचं मौन आणि एवढा मोठा विजय यांनंतर काकूंच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, म्हणून सगळे पाहू लागले.

"चहा घ्याल ना?" काकू म्हणाल्या.

चहानंतर अहोंना सोडवायचं ठरलं, तेव्हा खरी अडचण कळली. टाका काकूंनाही सापडेना. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, नखाने चाचपलं. घालताना कुणाला सापडू नये अशीच हाताला सवय. त्यात घातला होता देवाचं नाव घेऊन. शेवटी कात्री आणली. कापड कापायचं की शर्ट, असा प्रश्न होता. कापड चांगलं होतं.

पुतणीने चारपर्यंत एक छोटंसं पान तयार केलं. वर 'टाका', खाली कपडा पाठवायचा अर्ज. ऑर्डर आली की घंटा वाजेल, असं तिने फोनवर कळवलं, आणि अहो तो फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. काकूंनी तोंड धुतलं, केस विंचरले आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. कुठल्या दूरच्या गावचं माणूस असेल? लेबलं निघायच्या आधी कुणाला कसं कळेल, हे त्यांच्या मनात आलं. पण नाव चांगलं असलं की वाऱ्याबरोबर जातं, अशी त्यांनी समजूत घातली. आणि खरोखरच साडेचारला घंटा वाजली. 'टाका'ची पहिली ऑर्डर. काकूंनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"येथे नाव टाका: अहो.

काय फाटलं आहे: पांढरा शर्ट, उजवा कफ.

कशाने फाटलं: मालकिणीने कापला.

पत्ता: मागची खोली.

काम कधी हवं: ताबडतोब. दुसरे सगळे शर्ट तुम्ही सकाळी भिजत घातले आहेत, आणि मी इथे बनियनवर बसलो आहे."